घडीचा कान

सई, ईशान,

सई, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, दादाआजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या फिल्ममधलं ते फोल्डिंग ट्रान्झिशन झकास आहे. शेवटी तो कोपरा बाहेर राहतो तो कसा केलास? प्रीसेट पाठव ना, माझ्या व्हिडिओला तसंच्या तसं लावते." मी म्हटलं, नंतर सांगते. फोन ठेवला आणि फॅमिली ग्रुपवर नितीनकाकाचा मेसेज – काकीच्या फिल्ममध्ये सॉफ्टवेअरचा एरर होता, कोणी पुढे पाठवू नका.

एरर!

तेव्हाच ठरवलं की सगळं पहिल्यापासून, क्रमाने लिहून काढायचं. आणि ते ग्रुपवर नाही, तर या सदरात. म्हणजे तुमच्याबरोबर चार परकी माणसंही वाचतील, आणि नितीनला ते डिलीट करता येणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझा असल्या प्रकारांवर विश्वास नव्हता आणि अजूनही मी त्यातली नाही. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवली. सिद्धता दिल्याशिवाय मुलांना मार्क दिले नाहीत. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत अमावास्येला दारोदार लिंबू-मिरची बदलतात, माझ्या दारावर फक्त नावाची पाटी आहे. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते झालं.

तुम्ही लांब, त्यामुळे कुसुमआजीला पाहिलेलं नाही. तुमच्या आजोबांची सख्खी बहीण. थोरल्या दादाआजोबांपेक्षा धाकटी, आजोबांपेक्षा मोठी. मी त्यांना वन्सं म्हणायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा घर खऱ्या अर्थाने त्या चालवत होत्या. सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी करून, सकाळ-संध्याकाळ. दादांच्या बायकोची, म्हणजे माझ्या जाऊबाईंची तब्येत नितीनच्या वेळेपासून जी बिघडली ती सुधारलीच नाही. त्यामुळे नितीनला न्हाऊ घातलं वन्संनी, भरवलं वन्संनी, बालवाडीत रडत सोडून मग धावत ऑफिस गाठलं तेही वन्संनी. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वन्संची कपड्यांची घडी वेगळी होती. मी घडी घालते ती वहीसारखी, कडेला कड जुळवून. त्या साडीची घडी घालायच्या आणि शेवटची दुमड मुद्दाम उलट्या बाजूला फिरवायच्या, असं की पदराचं एक टोक बाहेर राहील. त्याला त्या कान म्हणायच्या. मला ते बघवायचं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "वन्सं, एवढी छान घडी घालता आणि शेवटी हे काय?"

"अगो, ही लालबागची घडी," त्या म्हणाल्या. "दादा गिरणीत रातपाळीक जाय. सकाळी तो येऊन झोपलो की खोलीत दिवा लावूचो नाय, दार-खिडकी बंद. मी आपली अंधारात फळीवर हात फिरवायची. कान हाताला लागला की ओढायची, साडी पदराकडून उघडली की झालं. धुंडाळत बसलं तर डबे पडायचे आणि ह्याची झोप मोडायची."

पुढे सगळे बोरिवलीला आले, तीन खोल्या झाल्या, गिरणी सुटली. पण घडीचा कान राहिला.

वन्संनी चाळिशी उलटल्यावर लग्न केलं. ऑफिसातले गायकवाड. शांत, वाचणारे, घाटावरचे, बौद्ध. दादांनी ते ऐकलं आणि म्हणाले, आमच्यासाठी ती मेली. बस, एवढंच. ज्या बाईने यांची झोप मोडू नये म्हणून अंधारात चाचपडत वर्षं काढली ती, एका आडनावासाठी, मेली! वन्सं भांडल्या नाहीत. कपड्यांच्या घड्या घातल्या, बॅग भरली आणि मुलुंडला गेल्या. तुमचे आजोबा आणि मी जायचो त्यांच्याकडे, सणाला, सहज, आजारपणात. दादांच्या घरून कुणी कधी गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी वन्सं गेल्या तेव्हा मी स्वतः दादांना फोन केला. त्यांनी "बरां" म्हटलं आणि ठेवला. त्या "बरां"चा राग माझ्या मनात अजून तसाच आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आता फिल्मकडे येते.

आजोबा गेल्यावर मी मोशन ग्राफिक्स शिकले हे तुम्हाला माहीत आहेच, ईशान त्यावरून मला चिडवतोसुद्धा. आधी व्हिडिओ बघून शिकले, मग वरच्या मजल्यावरच्या स्मिताकडून. ती मालाडच्या एका स्टुडिओत जाहिरातींची ग्राफिक्स करते. त्यामुळे दादांना ऐंशी पूर्ण होणार म्हटल्यावर नितीन पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला.

"काकी, फोटो स्कॅन करून आणलेत. मस्त काहीतरी कर. एकातून दुसरा उघडतो तसं."

मी फोटो उघडले. तिसऱ्याच फोटोला माझा हात थांबला. दादांच्या लग्नातला घरच्यांचा फोटो. त्यात उजवीकडे वन्सं उभ्या होत्या, मला पाठ आहे तो फोटो. तिथे पडदा होता. नुसता पडदा.

"नितीन, वन्सं कुठे?"

"क्लीन करून घेतलेत फोटो. दुकानवाल्याने एकदम सफाईने केलंय, कळत पण नाही."

"मला कळतंय."

"काकी, प्लीज हां. बाबांचा दिवस आहे. हॉलमध्ये सगळे येणार, उगाच कुजबुज नको. आत्याचा विषय संपला ना यार आता."

यार म्हणे! मी पुढचा फोटो उघडला आणि माझं डोकंच फिरलं. नितीनचा पहिला वाढदिवस. मूळ फोटोत डावीकडे स्टुलावर हा बसलाय, मागे घरातली माणसं, आणि वन्संनी पुढे वाकून याला कमरेला धरलंय, कारण हा धड बसत नव्हता, सारखा घसरत होता. पेन ड्राइव्हवरच्या फोटोत वन्सं नव्हत्या. कमरेवरचा हातही पुसलेला. एक वर्षाचं पोर हवेत ताठ बसलेलं.

"तू पडला असतास त्या दिवशी," मी म्हटलं. "त्या हातामुळे पडला नाहीस."

"मला काय आठवतंय ते?" नितीन म्हणाला. "मला एवढंच आठवतंय की ती सोडून गेली. मी बारावीला होतो, काकी. एका शब्दाने बोलली नाही माझ्याशी."

"तिला बोलू दिलं होतं का कुणी?"

त्याने पेन ड्राइव्हचं टोपण खिशात टाकलं आणि निघून गेला. मी दादांना फोन लावला. "भाऊजी, फोटोतून वन्संना पुसलंय. हे तुम्हाला चालतं?"

"सुमती, कित्याक वाद घालतंस गो?" दादा म्हणाले. "पोरान सांगितल्यान ता कर."

मी नकार देऊ शकले असते. पण मग हा दुसऱ्या कुणाकडून करून घेणार, आणि तिथे बोलणारं कुणीच नसणार. म्हणून मी ठरवलं – फिल्म मीच करायची, चोख करायची, आणि ती संपली की हॉलमध्ये उभं राहून वन्संचं नाव मोठ्याने घ्यायचं. मग काय व्हायचं ते होऊ दे.

सई, आता तुझ्यासाठी – ते ट्रान्झिशन मी असं केलं. तयार मिळतात ती मला आवडली नाहीत, पुस्तकाचं पान उलटल्यासारखी वाटतात. मला कापडाची घडी हवी होती. आधी जुन्या कॅलेंडरचा कागद कापून, दुमडून बघितला. मग फोटोच्या चार उभ्या पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टी वेगळी लेअर. पट्टी फिरते ती बिजागरी, म्हणजे अँकर पॉइंट, मुळात मधोमध असते, ती ओढून कडेला आणली. मग उजवीकडची प्रत्येक पट्टी तिच्या डावीकडच्या पट्टीला बांधली, म्हणजे एक फिरली की पुढच्या तिच्याबरोबर जाणार. पट्टीला स्वतःची पाठ नसते – उलटली की तोच फोटो आरशातल्यासारखा दिसतो. ते टाळायला प्रत्येकीच्या मागे साधा सायीच्या रंगाचा तुकडा लावला. सावलीसाठी एक लाइट. कीफ्रेम, म्हणजे कुठल्या क्षणी काय हलायचं त्या खुणा, अशा की सगळ्यात उजवीकडची पट्टी पहिल्यांदा आत वळते, मग तिच्यासकट दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी सगळी घडी डावीकडच्या पट्टीवर मिटते. मग त्याच घडीतून पुढचा फोटो उघडतो. हे एकदा बसवलं आणि सगळ्या फोटोंना कॉपी केलं. माझ्या वहीसारख्या घडीची हुबेहूब नक्कल.

दुपारी जेवणानंतर रेंडर लावलं, म्हणजे सगळ्याचा मिळून व्हिडिओ तयार व्हायला लावला, आणि भांडी आवरायला गेले. परत येऊन फिल्म बघायला बसले. सगळे फोटो नीट मिटत होते, उघडत होते. नितीनचा वाढदिवस आला. घडी मिटायला लागली... आणि जी पट्टी पहिल्यांदा आत जाऊन दिसेनाशी व्हायला हवी, ती उलटी फिरली. वर आली. आणि तिचं एक टोक घडीच्या बाहेर राहिलं.

मला वाटलं, माझीच चूक. फिरण्याच्या आकड्याला उणे चिन्ह लागलं असणार. तपासलं. नव्हतं. प्रिव्ह्यूमध्ये घडी सरळ मिटत होती. पुन्हा रेंडर केलं, पुन्हा तसंच. ती पट्टी पुसून नवी केली. तरी तसंच. बाकी एकाही फोटोला नाही, फक्त याला.

मग मी ते टोक बघत बसले. आणि ओळखलं.

तुम्हाला वाटेल आजी घाबरली. नाही. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "वन्सं, आता? बोलायचं होतं तेव्हा घड्या घालून निघून गेलात, आणि आता माझ्या कामात कान काढताय?" बोलून गेले आणि मग माझं मलाच कळेना की मी कुणाशी बोलले.

स्मिताला बोलावलं. तिची त्या दिवशी सुट्टी होती.

"काकू, हे भारी केलंत!" ती म्हणाली. "कडेची पट्टी उलट, कोपरा बाहेर... आयडिया कुठून आली?"

"मी केलेलं नाही."

ती हसली. मग माझा चेहरा बघून खुर्ची ओढून बसली. तिने कीफ्रेम बघितल्या, लेअर बघितल्या, साठलेला कॅशे पुसला. प्रोजेक्ट वर आपल्या घरी नेऊन तिच्या मशीनवर रेंडर केला. खाली आली तेव्हा हसत नव्हती.

"काकू, कान तसाच येतोय. आणि एक सांगू? तो कोपरा मोठा करून बघा."

तिने फ्रेम थांबवून मोठी केली. त्या पट्टीवर नितीनने दिलेल्या स्कॅनमध्ये नुसती भिंत आहे, आणि तिची पाठ मी सायीच्या रंगाची केली होती. कोपऱ्यात भिंत नव्हती, सायीचा रंग नव्हता. एक हात होता. काळापांढरा, बाकी फोटोला आहे तेच दाणे असलेला. मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. वन्सं टाइप करताना वेळ दिसावी म्हणून घड्याळ तसं बांधायच्या. घडी पुरती मिटायच्या आधी तो कोपरा डावीकडे येतो आणि क्षणभर स्टुलावर बसलेल्या त्या पोराच्या कमरेशी टेकतो. मग घडी मिटते.

"तुमच्या सोर्समध्ये हे नाहीच आहे, काकू," स्मिता म्हणाली. "ही इमेज आलीच कुठून? माझी तर वाट लागली बघून."

मी नितीनला फोन केला आणि एवढंच म्हटलं, ये आणि बघ.

तो आला. बघितलं. आधी लाल झाला. "काकी, हा चावटपणा आहे. तू मुद्दाम केलंस. ओरिजिनल कुठून मिळाला तुला?"

"ओरिजिनल तुझ्याकडे आहे. आण, ताडून बघू."

तो चपला शोधायला लागला.

"आण ना."

"नाही आहे," तो म्हणाला. "स्कॅन झाल्यावर फाडून टाकला."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. स्मिता उठून स्वयंपाकघरात गेली एवढं सांगते. कॉपी नव्हती, निगेटिव्ह तर कधीच हरवलेली. त्या हाताचा जगात एकच फोटो होता आणि तो या गाढवाने फाडला होता, त्यात ज्याला धरलं होतं त्यानेच.

"एवढा तुकडा काप आणि दे," तो जाताना म्हणाला. आवाज मात्र खाली गेला होता.

मी कापला नाही. वाढदिवसाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, लॅपटॉप घेऊन थेट दादांच्या खोलीत गेले. नितीन मागोमाग आला. दादांना आता कमी दिसतं, मी स्क्रीन त्यांच्या मांडीवरच ठेवला. कोपऱ्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. फोटो उलगडत गेले. ते प्रत्येकाला मान हलवत होते. वाढदिवसाचा फोटो मिटायला लागला आणि त्यांचा हात वर आला.

"थांबव."

मी थांबवलं. कोपऱ्यातल्या हातावर त्यांची नजर गेली की नाही, मला माहीत नाही. त्यांनी बोट ठेवलं ते टोकावर.

"ह्यो कान," ते म्हणाले. "आमची कुशी कान ठेवी. माझी झोप मोडू नये म्हणान. माका म्हायत होता... तेव्हा मी जागोच असंय."

"बाबा, ते एरर आहे ओ," नितीन मागून म्हणाला. "मी काढायला सांगितलंय."

"गप रव. काढूचो नाय. तसोच लाव."

म्हातारा माणूस, डोळ्यांतून पाणी यायला लागलेलं. तुम्हाला वाटेल की आजी तिथे विरघळली असेल. मी म्हटलं, "भाऊजी, कान ओळखलात, छान झालं. दोन वर्षांपूर्वी फोन आला तेव्हा काय म्हणालात ते आठवतंय का?" मी लॅपटॉप उचलला.

हॉलमध्ये फिल्म कोपऱ्यासकट लागली. कुजबुज झाली, दोघीतिघींनी "अय्या, हा कुणाचा हात?" म्हणून विचारलंच. मी उभी राहिले आणि सांगितलं, कुसुमचा, यांच्या बहिणीचा, नितीनला जिने वाढवलं तिचा. वाढपी जिलेबीची ताटं घेऊन थांबले होते. दादा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते, पण त्यांनी मला खाली बस म्हटलं नाही. नितीनने त्या दिवसापासून "सॉफ्टवेअरचा एरर" हा शब्द धरून ठेवलाय. धरू दे. त्याने मध्ये एकदा मला खासगीत विचारलं, "काकी, ती एक फ्रेम मला पाठवशील?" मी अजून पाठवलेली नाही. पाठवीन. आत्ता राग आहे.

मुलुंडला मात्र दुसऱ्याच दिवशी गेले. गायकवाड भाऊजींना त्या हॉलमध्ये कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. उठून कपाट उघडलं.

"वहिनी, तिने शेवटची घातलेली घडी आहे," ते म्हणाले. "मी मोडली नाही. इस्त्रीवाला मागतो, मी देत नाही."

रोजची साधी साडी होती. मी हात लावला नाही.

स्मिताने तिच्या स्टुडिओतल्या लोकांनाही प्रोजेक्ट दाखवला. कुणी म्हणालं ग्राफिक्स कार्ड, कुणी म्हणालं फाइल करप्ट, एकाने सरळ सांगितलं की तुमच्या काकू खोटं बोलतायत. सिद्धता कुणालाच देता आलेली नाही, मलाही नाही. माझ्या शाळेत याला शून्य मार्क मिळाले असते. म्हणून, सई, प्रीसेट पाठवता येत नाही. मी केलेली घडी पाठवते, ती सरळ मिटते. कान कसा काढायचा ते मला माहीत नाही.

मूळ फोटो आता नाही. मुलुंडच्या कपाटात दुसऱ्या फळीवर एक साडी आहे, तिचं टोक बाहेर आहे. माझ्या कॉम्प्युटरवर ती फाइल आहे, आणि त्यात तो हात आहे.